गच्चीची किल्ली कोणाकडे असते? सोसायट्यांच्या मॅनेजिंग कमिट्यांना खुलं पत्र

चेअरमन साहेब, सेक्रेटरी काका, ट्रेझरर ताई आणि कमिटीतली बाकी सगळी मंडळी, नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका सोसायटीला नाहीये. मुंबई, ठाणे, पुणे, नवी मुंबई, नाशिक, जिथं जिथं माणसं लिफ्टने घरी जातात तिथल्या सगळ्या कमिट्यांना आहे, त्यामुळे हे आमच्याबद्दलच लिहिलंय म्हणून कोणी अंगावर घेऊ नका. आणि घेतलंत तरी माझी हरकत नाही.

मी तळोज्याच्या केमिकल पट्ट्यात बरीच वर्षं सेफ्टी डिपार्टमेंटला काढली, आता रिटायर झालोय. त्यामुळे कुठल्याही बिल्डिंगमध्ये पाहुणा म्हणून गेलो तरी आधी जिना कुठे आहे ते बघतो, बायको म्हणते लग्नाच्या हॉलमध्ये सुद्धा तुम्ही नवरदेवाच्या आधी एक्झिट शोधता. असो.

मुद्दा असा आहे की आगीतून माणूस वाचला की आपण म्हणतो नशीब बलवत्तर, आणि गेला की म्हणतो वेळ आली होती. थोडंफार नशीब असतंच, नाही म्हणत नाही. पण पहिल्या चार-पाच मिनिटांत माणूस काय ठरवतो, दार उघडायचं की नाही, वर जायचं की खाली, थांबायचं की निघायचं, यावर फार काही अवलंबून असतं. आणि तो जे ठरवेल ते करायला त्याच्यासमोर रस्ता उघडा आहे का, यावर. ठरवायचं काम त्याचं, रस्ता उघडा ठेवायचं काम तुमचं. आपल्याकडे दोन्ही होत नाही, कारण आपण रहिवाशाला ठरवायला शिकवतच नाही, आपण त्याला वाट बघायला शिकवतो.

आपलं मॉक ड्रिल आठवा. रविवारी सकाळी साडेदहा, आधी ग्रुपवर मेसेज, खाली बॅनर, एजन्सीची दोन पोरं येतात, पत्र्याच्या ट्रेमध्ये आग लावून सिलेंडरने विझवून दाखवतात, चार काका टाळ्या वाजवतात, रजिस्टरमध्ये सह्या, ग्रुप फोटो, चहा-समोसा. निम्मी लोकं ड्रिलला लिफ्टने खाली येतात! आणि शेवटी माईकवर एक वाक्य हमखास असतं, "आग लागल्यास घाबरून जाऊ नये, सूचनेची वाट पहावी आणि सहकार्य करावे." या वाक्यावर माझा राग आहे, आणि तो का आहे ते जरा सविस्तर सांगतो कारण या वाक्याने माणसं गेलेली आहेत.

११ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर टॉवरवर पहिलं विमान आदळलं तेव्हा शेजारच्या दक्षिण टॉवरमधली बरीच लोकं आपापल्या मनाने जिना उतरायला लागली होती. मग दक्षिण टॉवरमध्ये अनाउन्समेंट झाली की तुमची बिल्डिंग सुरक्षित आहे, आपापल्या ऑफिसात परत जा. काही लोकं परत गेली. स्टॅन्ले प्रेमनाथ नावाचा फूजी बँकेतला माणूस तर पार तळमजल्यापर्यंत पोचला होता, तिथल्या गार्डने त्याला परत वर पाठवलं, ८१व्या मजल्यावर. ९ वाजून ३ मिनिटांनी दुसरं विमान त्याच टॉवरमध्ये घुसलं, खिडकीतून ते येताना त्याने स्वतः बघितलं आणि टेबलाखाली उडी मारली. तो गार्ड काही वाईट माणूस नव्हता हो. त्याला वरून जे सांगितलं ते त्याने पुढे सांगितलं. आपला वॉचमन पण तेच करेल.

त्याच टॉवरमध्ये ८४व्या मजल्यावर ब्रायन क्लार्क म्हणून एक जण होता, त्याच्या कंपनीने त्याला फायर वॉर्डन केलेलं, म्हणजे एक टॉर्च आणि एक शिट्टी हातात दिलेली, बस एवढंच. विमान आदळल्यावर तो काही सहकाऱ्यांना घेऊन जिन्याने खाली निघाला. तीन मजले खाली आल्यावर एक बाई वर येताना भेटली, ती म्हणाली खाली जाऊ नका, खाली सगळा धूर आणि जाळ आहे, वर चला. जिन्यातच वाद सुरू झाला, वर की खाली. तेवढ्यात क्लार्कला भिंतीपलीकडून कोणीतरी ठोकतंय असं ऐकू आलं, तो प्रेमनाथ होता, ढिगाऱ्यात अडकलेला. क्लार्क त्याला काढायला गेला आणि बाकीचे वर गेले. प्रेमनाथला बाहेर ओढून दोघं खाली निघाले, टॉर्च मारत, पडलेले पत्रे बाजूला करत, धुरातून. आणि रस्ता होता! त्या टॉवरच्या तीन जिन्यांपैकी तोच एक जिना कसाबसा जाण्याजोगा राहिला होता. वर गेलेल्यांपैकी एक जण वरच्या मजल्यावर गुदमरायला लागल्यावर मागे फिरला आणि खाली येऊन वाचला, बाकीचे नाही आले. विमान घुसलेल्या मजल्यांवरून आणि त्याच्या वरून त्या टॉवरमधून एकूण १८ माणसं जिवंत बाहेर आली. टॉवर ९ वाजून ५९ मिनिटांनी कोसळला, म्हणजे सगळ्यांकडे मिळून ५६ मिनिटं होती.

आता यात नशीब किती आणि निर्णय किती ते तुम्हीच मोजा. तोच जिना शिल्लक राहिला हे नशीब. पण खाली धूर आहे म्हणून कोणी सांगितल्यावर सुद्धा स्वतः जाऊन बघायचं हा निर्णय. चुकीच्या दिशेने गेल्यावर अर्ध्यातून मागे फिरायचं हा तर त्याहून अवघड निर्णय, कारण चार लोकं वर चाललेली असताना एकट्याने उलटं फिरायला फार काळीज लागतं. उत्तर टॉवरमध्ये विमान घुसलेल्या जागेच्या वर जे होते त्यांचे तिन्ही जिने तुटले होते, त्यांनी काहीही ठरवलं असतं तरी उपयोग नव्हता. हे पण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्याच बिल्डिंगमधली अजून एक गोष्ट तर मी प्रत्येक कमिटीला सांगत असतो. मॉर्गन स्टॅन्ले कंपनीचा सिक्युरिटीचा मुख्य, रिक रेस्कोर्ला. १९९३ साली त्याच इमारतीच्या तळघरात बॉम्बस्फोट झाला होता, तेव्हापासून हा माणूस कंपनीतल्या सगळ्यांना, अगदी मोठ्या मोठ्या साहेबांना पण, जिना उतरायची प्रॅक्टिस करायला लावायचा. लोकं वैतागायची, मीटिंग मोडते, वेळ जातो, नेहमीचंच. त्या दिवशी परत जा म्हणून अनाउन्समेंट झाली तेव्हा त्याने ती धुडकावली, भोंगा घेऊन माणसं जिन्यात घातली, आणि कंपनीचे सुमारे २,७०० लोक जवळपास सगळे बाहेर पडले. मागे राहिलेल्यांना बघायला तो परत वर गेला आणि स्वतः गेला. लोकांना त्या दिवशी फार विचार करावा लागला नाही, कारण त्यांचा विचार आधीच करून झालेला होता, पायांना जिना माहीत होता.

आता कोणी म्हणेल अहो ते अमेरिकेचं, विमानाचं, आपल्याकडे कुठे विमान घुसतंय. बरोबर. मग साधी फ्रिजची आग घ्या. लंडनचा ग्रेनफेल टॉवर, २४ मजले, जिना एकच. १४ जून २०१७ च्या रात्री पाऊण वाजल्यानंतर चौथ्या मजल्यावर एका स्वयंपाकघरात फ्रिजपाशी आग लागली. तिथल्या उंच इमारतींचा नियम असा की आग दुसऱ्याच्या घरात असेल तर तुम्ही आपल्या घरात दार लावून थांबायचं. लोकं फोन करत होती आणि फायर ब्रिगेडकडून त्यांना घरातच थांबा असं सांगितलं जात होतं. आणि बाहेरून लावलेलं आवरण पेटून आग अर्ध्या-पाऊण तासात वरपर्यंत पोचलेली. थांबा हा सल्ला बदलला तो रात्री २ वाजून ४७ मिनिटांनी. ७२ माणसं गेली. नंतरच्या चौकशीत स्पष्ट म्हटलंय की तो सल्ला दीड ते पावणेदोनच्या सुमाराला मागे घ्यायला हवा होता. तोपर्यंत ज्यांनी खिडकीतून बघितलं, ज्वाळा दिसल्या, आणि कोणी काय का सांगेना म्हणून पोरांना उचलून जिना धरला, त्यातले बरेच वाचले.

इथे घाईने निष्कर्ष काढू नका की आग लागली की पळायचं, एवढंच. तो थांबायचा नियम मूर्खपणाचा नाहीये. भिंती काँक्रीटच्या, दारं नीट, आग तीन घरं सोडून, अशा वेळी घरात दार लावून बसलेला माणूस धुराने भरलेल्या जिन्यात उतरणाऱ्यापेक्षा बऱ्याचदा जास्त सुरक्षित असतो. गोरेगावच्या जय भवानी इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ ला पहाटे तीनच्या सुमाराला खाली पार्किंगमध्ये आग लागली, सात माणसं गेली. विचार करा, रात्री तीनला झोपेतून उठलात, खालून काळा धूर वर येतोय, जिना म्हणजे धुराची चिमणी झालेली, आता उतरायचं की थांबायचं? याचं एकच उत्तर सगळ्या मजल्यांना लागू नाही. पहिल्या मजल्यावरच्याचं वेगळं, सहाव्यावरच्याचं वेगळं. म्हणूनच मी म्हणतो की रहिवाशाला तयार उत्तर पाठ करायला लावू नका, त्याला बघायला शिकवा. दाराला हाताचा मागचा भाग लावून बघ, गरम आहे का. दाराच्या फटीतून धूर येतोय का. जिन्यात पाय टाकल्यावर खालचा लँडिंग दिसतोय का. दिसत असेल तर उतर, दिसत नसेल तर मागे ये, दार लाव, फटीत ओला टॉवेल कोंब, रस्त्याकडच्या खिडकीत जा, १०१ ला फोन कर आणि फ्लॅट नंबर, मजला सांग. हे पाच मिनिटांत शिकवता येतं हो, त्याला एजन्सी लागत नाही.

नाहीतर काय होतं ते कमला मिलमध्ये बघितलं आपण. २९ डिसेंबर २०१७, रात्री साडेबाराच्या आसपास, लोअर परळ, गच्चीवरचं रेस्टॉरंट, वर सजावटीचं छप्पर पेटलेलं. १४ जण गेले, त्यातले बरेचसे वॉशरूममध्ये सापडले, गुदमरून. म्हणजे ती पोरं-पोरी सुन्न बसून नव्हती राहिली, त्यांनी काहीतरी ठरवलं होतं. पाणी आहे, टाइल्स आहेत, दार लागतं, इथे आग येणार नाही. डोकं चालवलं होतं त्यांनी, फक्त त्यांना आयुष्यात कोणी हे सांगितलेलं नव्हतं की आगीत जळून मरणाऱ्यांपेक्षा धुराने मरणारे जास्त असतात, आणि ज्या खोलीला बाहेरची खिडकी नाही ती खोली धुरात सापळा होते. आपल्या घरातला सोफा, गाद्या, पडदे, सगळं फोम आणि प्लास्टिक, ते पेटलं की कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडसारखे वायू निघतात, दोन-चार श्वासांत माणूस गोंधळतो, पाय चालत नाहीत, आणि मग निर्णय-बिर्णय सगळं संपतं. निर्णयाची जी काही वेळ आहे ती धूर नाकात जायच्या आधीची.

याच्या उलटी गोष्ट परळचीच आहे आणि ती सांगताना मला बरं वाटतं. क्रिस्टल टॉवर, हिंदमाताजवळ, २२ ऑगस्ट २०१८, बकरी ईदची सुट्टी, सकाळी साडेआठच्या दरम्यान बाराव्या मजल्यावर आग. चार माणसं गेली. पण वरच्या मजल्यावर दहा वर्षांची एक मुलगी होती, तिला शाळेत कधीतरी शिकवलेलं आठवलं, तिने सुती कपडे फाडून ओले करून घरच्यांना आणि तिथे अडकलेल्या शेजाऱ्यांना नाकातोंडावर धरायला दिले, सगळ्यांना शांत बसवलं, फायर ब्रिगेडने त्यांना सुखरूप खाली काढलं. तिला नंतर राष्ट्रीय शौर्य पुरस्कार पण मिळाला. आता एक सेफ्टीवाला म्हणून टीप जोडतो, ओलं कापड काजळी अडवतं, घशाची जळजळ कमी करतं, पण विषारी वायू अडवत नाही, त्यामुळे ओलं फडकं बांधून धुराच्या जिन्यात घुसू नका. पण त्या घरात त्या सकाळी त्याने जे काम केलं ते त्याहून मोठं होतं, हातांना काम मिळालं, घाबरलेल्या मोठ्या माणसांना काय करायचं ते कळलं. तिथे एवढी मोठी माणसं होती आणि दहा वर्षांच्या पोरीला सुचलं कारण फक्त तिलाच शिकवलेलं होतं. आमच्या सोसायट्यांच्या ड्रिलला मुलांना काय सांगतात? "मुलांनो, बाजूला उभे राहा."

आणि निर्णय म्हणजे दरवेळी असं काही शौर्याचं नसतं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ९ जानेवारी २०२२ ला ट्विन पार्क्स नावाच्या १९ मजली इमारतीत एका फ्लॅटमधला हीटर पेटला. घरातली माणसं बाहेर पळाली, दार मागे आपोआप लागायला हवं होतं ते लागलं नाही, उघडंच राहिलं. आग फारशी पसरली नाही, धूर पसरला, जिन्याचं एक दार वरच्या मजल्यावर उघडं राहिलेलं त्यामुळे अजून पसरला. १७ जण गेले, त्यात आठ मुलं. सगळी धुराने. एक दार. आपल्याकडे सेफ्टी डोअर, मेन डोअर, वर लाफिंग बुद्धा, सगळं असतं, पण आग लागली तर निघताना दार ओढून घ्यायचं, कुलूप न लावता नुसतं ओढून घ्यायचं, हे किती घरांत माहितीये? विचारून बघा पुढच्या मीटिंगला.

आता तुमच्या बाजूला येतो, कारण एवढा वेळ रहिवाशालाच शहाणपण शिकवत बसलो तर तुम्ही माना डोलवून मोकळे व्हाल.

माणसाने बरोबर ठरवावं म्हणून आधी त्याच्यापुढे दोन रस्ते लागतात. सुरतच्या तक्षशिला कॉम्प्लेक्समध्ये २४ मे २०१९ ला क्लासमधली २२ मुलं गेली, जिना पेटलेला आणि दुसरा रस्ता नाही, पोरं खिडक्यांतून उड्या मारताना सगळ्या देशाने टीव्हीवर बघितली. चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत ऑक्टोबर २०२४ मध्ये पहाटे खाली दुकान पेटलं आणि वर झोपलेल्या एकाच घरातले सात जण गेले. या लोकांना तुम्ही काय निर्णयक्षमता शिकवणार? जिथं पर्यायच नाही तिथं पर्याय निवडायला शिकवणं ही थट्टा आहे. माणसाने हिंमत दाखवायला हवी होती वगैरे व्हॉट्सॲपवर लिहिणाऱ्यांची मला चीड येते, ती याच्यासाठी.

आणि आपल्या चांगल्या बांधलेल्या, दोन-दोन जिने असलेल्या सोसायट्यांमध्ये आपण ते पर्याय एकेक करून काढून घेतो, आणि ठराव करून काढून घेतो!

गच्चीचं घ्या. गच्चीला कुलूप. का, तर पोरं सिगरेटी ओढतात, जोडपी बसतात, कोणीतरी पापड वाळत घालतं, टाकीत काहीतरी पडेल. कारणं खोटी नाहीत. पण किल्ली कोणाकडे? सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी कुठे? मुलीकडे पुण्याला. वॉचमनकडे एक आहे म्हणतात, पण तो रात्रपाळीचा नाही, दिवसपाळीचा. धूर खालून येत असताना वरच्या दोन मजल्यांवरच्यांनी गच्चीवर जायचं ठरवलं तर ते कुलपाशी जाऊन उभे राहणार, आणि धूर आधी तिथेच साठतो, सगळ्यात वर. दिल्लीच्या उपहार सिनेमात १३ जून १९९७ ला ५९ जण गेले ते बाल्कनीची दारं उघडता न आल्यामुळेच ना? ज्याला कुलूपच हवंय त्याने आतून नुसत्या कडीने उघडणारं दार लावावं आणि दार उघडलं की वाजणारी बेल बसवावी, पोरं बसली तर बेल वाजेल, आग लागली तर दार उघडेल. खर्च एका गणपतीच्या डेकोरेशनपेक्षा कमी.

जिन्यात काय काय आहे ते आजच बघा. चपलांचं कपाट, सायकली, जुना कूलर, कोणाच्या तरी फ्लॅटच्या रिनोवेशनचं प्लायवूड, तुळशीच्या कुंड्या. फायर डोअर कायम उघडं राहावं म्हणून खाली विटेचा तुकडा, एका ठिकाणी तर मी अग्निशामक सिलेंडरच दाराला टेकण म्हणून लावलेला बघितला, म्हटलं वा, निदान वापर तरी होतोय. रेफ्युज एरिया म्हणजे आग लागली तर लोकांनी जमायची जागा, तिथे टेबल टेनिस, जुनं फर्निचर, मंडळाचं मखर. इलेक्ट्रिक डक्टमध्ये झाडू-बादल्या. खाली गाड्या अशा लावलेल्या की फायर ब्रिगेडची शिडीची गाडी आत वळणारच नाही, मुंबई फायर ब्रिगेडकडे ९० मीटरची शिडी आहे, पण ती गाडी उभी करायला दोन्ही बाजूंनी पाय पसरायला जागा लागते, ती जागा आपण व्हिजिटर पार्किंग म्हणून रंगवून टाकलीये.

आणि ग्रील. हा विषय नाजूक आहे, लोकांना ग्रीलवर बोललेलं आवडत नाही, चोरांची भीती खरी आहे, लहान मुलं आहेत, कबुतरं आहेत. पण दहाव्या मजल्यावर चारही खिडक्यांना वेल्डिंगचं बॉक्स ग्रील आणि त्याला एकही उघडणारा भाग नाही, मग शिडी खिडकीशी आली तरी फायरमनला आधी कटर चालवावा लागणार. ग्रील ठेवा, एका खिडकीला उघडणारी झडप ठेवा, किल्ली हाताला येईल पण बाहेरून पोचणार नाही अशी टांगा, घरातल्या सगळ्यांना दाखवा. कामवाल्या मावशींना पण. कमिटीला एवढा ठराव करायला काय हरकत आहे? खिडक्यांचा रंग एकसारखा असावा याच्यावर तीन मीटिंगा होतात.

मावशींचं नाव निघालं म्हणून. दिवसा घरात कोण असतं? आजी-आजोबा, त्यांना सांभाळणारी आया, स्वयंपाकाच्या ताई, लहान मूल. ड्रिल रविवारी, जेव्हा हे सोडून बाकी सगळे घरी असतात. म्हणजे ज्यांना मंगळवारी दुपारी दीड वाजता निर्णय घ्यायचाय त्यांना आपण बोलावलेलंच नाही. वॉचमन तर ड्रिलच्या वेळी गेटवर उभा असतो, गाड्या आत सोडायला. ज्याच्या हातात खरा पहिला निर्णय असतो, मेन स्विच पाडायचा, लिफ्ट खाली आणून बंद करायची, गेट मोकळं करायचं, १०१ लावायचा, त्याला कमिटी विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा अधिकार नाही. मी एका वॉचमनला विचारलं, धूर दिसला तर काय करशील? तो म्हणाला, "साहेबांना फोन करीन." साहेबांनी उचलला नाही तर? "परत लावीन." त्याची चूक नाहीये. आपण त्याला तसंच शिकवलंय, स्वतःच्या मनाने काही केलंस तर नोकरी जाईल. त्याला लेखी द्या, धूर दिसला की कोणालाही न विचारता तू ही चार कामं करायची, नंतर खोटा अलार्म निघाला तरी तुला कोणी बोलणार नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं.

ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांचं तर कोणी बोलतच नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकू, डायलिसिसवाले काका, व्हीलचेअर. त्यांनी काय ठरवायचं? त्यांना विचारा ना, शांतपणे, घरी जाऊन, चहा घेत. आग लागली तर तुम्हाला काय हवंय, दोघांनी उचलून रेफ्युजपर्यंत न्यावं, की घरात दार लावून थांबायचं आणि फायर ब्रिगेडला तुमचा मजला आधी सांगायचा? त्यांचा निर्णय त्यांना घेऊ द्या, कागदावर लिहा, त्या मजल्यावरच्या दोन तरण्या पोरांची नावं त्यापुढे लिहा आणि ती यादी वॉचमनच्या केबिनमध्ये लावा.

कायद्याचं तुम्हाला माहितीच आहे. २००६ चा महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा आहे, यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची आणि राहणाऱ्यांची, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, लायसन्सवाल्या एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. बऱ्याच ठिकाणी एजन्सीवाला पंप न बघता सही मारतो आणि कमिटी खूश होते की स्वस्तात झालं. या वेळी त्याला सांगा, सगळ्यात वरच्या मजल्यावरचा हायड्रंट, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा नळ, उघडून दाखव, पाणी आलं तर चेक देतो.

दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन बोटीचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले, त्यांच्या आठवणीत. त्या आठवड्यात बॅनर लावायच्या ऐवजी माझ्या मनातलं ड्रिल एकदा करून बघा. आधी कोणालाच सांगायचं नाही, नुसतं एवढंच की या आठवड्यात कधीतरी होईल. संध्याकाळी सातला अलार्म वाजवा, लिफ्ट बंद, एका मजल्यावर जिन्यात दोन माणसं लाल रिबन धरून उभी करा, म्हणजे इथे धूर आहे असं समजायचं. मग बघा कोण काय ठरवतं. कोण मागे फिरून दुसरा जिना शोधतं, कोण तिथेच उभं राहून सेक्रेटरीला फोन लावतं, कोण बॅग भरायला घरात जातं, कोणाला दुसरा जिना आहे हेच माहीत नाही. नंतर खाली बसून कोणाला न हिणवता बोला, तू असं का केलंस, तुला काय दिसलं, परत झालं तर काय करशील. समोसे तेव्हा खा, माझी ना नाही. आणि माईकवरचं ते वाक्य बदला, "सूचनेची वाट पहावी" काढून टाका, त्याजागी म्हणा की सूचना आली तर ऐका, पण डोळ्यांना वेगळं दिसत असेल तर डोळ्यांचं ऐका.

हे सगळं एका महिन्यात होणार नाही, मला पण कळतं, कमिटीचं काम फुकटचं असतं आणि शिव्या भरपूर, मेंटेनन्स थकवणाराच मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त ओरडतो. म्हणून आज रात्रीपुरतं एकच मागतो. गच्चीची किल्ली आत्ता नक्की कोणाकडे आहे ते शोधा, आणि त्याचं नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर नोटीस बोर्डावर लावा. नाव लावायला कोणी तयार होत नसेल तर ते कुलूप काढा.

तुमचाच,
मेंटेनन्स वेळेवर भरणारा एक रहिवासी